खोब्रागडे काकांची कॉलेज-तपासणी

जबलपूरच्या रांझी भागात, आमच्या गल्लीत ‘खोब्रागडे’ हे नाव पूर्ण आणि बरोबर उच्चारणारी माणसं चारच. मी, माझी बायको सुजाता, खुद्द खोब्रागडे काका आणि काकू. बाकी सगळी गल्ली हिंदी. त्यांनी सुरुवातीला ‘खोबरागड़े जी’ म्हणून पाहिलं, मग दमून ‘खोबरा जी’वर आले आणि शेवटी पोरांनी त्याचं ‘कोबरा अंकल’ करून टाकलं. काकांना त्याचं काही वाटत नसे. एकदा एका कुरिअरवाल्यानं फाटकाशी येऊन भीत भीत विचारलं, “कोबरा जी का मकान यही है?” तर काका आतून ओरडले, “यही है. आ जाओ, काटते नहीं.”

बुटका, काटक माणूस. मिशा पांढऱ्या आणि इतक्या सरळ कापलेल्या, की पट्टी ठेवून कापल्यासारख्या. सायकल कायम सोबत, पण तिच्यावर बसलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं. ते तिला हाताशी धरून चालवायचे, बोलता यावं म्हणून. सायकलीवर बसलं की बोलणं अर्धवट राहते, असं त्यांचं म्हणणं.

इथल्या सरकारी फॅक्टरीत त्यांनी सगळी नोकरी तपासणी विभागात काढली. तयार होऊन आलेला एकेक भाग हातात घ्यायचा, गेज लावायचं, उलटापालटा करायचा आणि एक शब्द बोलायचा : पास किंवा रिजेक्ट. रिटायर झाले, पण शब्द दोन्ही घरी घेऊन आले. टमाटे रिजेक्ट. नगरपालिकेनं केलेली नाली रिजेक्ट. गल्लीतल्या एका लग्नाला आम्ही सोबत गेलो होतो, तिथं नवरदेव घोड्यावरून उतरताना धडपडला. काका माझ्या कानात म्हणाले, “रिजेक्ट.” स्वतःच्या जावयालासुद्धा त्यांनी पूर्ण पास केलं नव्हतं. “पास आहे, पण दुसऱ्यांदा तपासा लागते,” असं म्हणायचे, तेही जावयासमोर.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे अर्धा इंच. काकांशी पाच मिनिटं बोललेल्या कोणालाही तो अर्धा इंच ठाऊक होता. तरुणपणी ते भंडाऱ्याहून जबलपूरला मामाकडे आले ते फौजेत भरती व्हायला. भरतीच्या मैदानावर सगळं झालं, पळणं झालं, उंची झाली, आणि छाती अर्धा इंच कमी भरली. “अर्धा इंच जी वासनिक! नाहीतर आज सुभेदार म्हणून रिटायर झालो असतो.” हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हाचं. पुढं दोनेक वर्षांनी ते ‘नाहीतर कॅप्टन’ झाले. त्यांच्या मुलीच्या लग्नात, पाहुण्यांच्या गराड्यात, मी त्यांना ‘नाहीतर कर्नल’ म्हणताना ऐकलं. अर्धा इंच तेवढाच राहिला, हुद्दा वाढत गेला.

आमच्या पल्लवीच्या डोक्यात फौजेचं खूळ यांनीच घातलं, असा सुजाताचा आरोप होता. तो खोटा नव्हता. पल्लवी आठवीत असल्यापासून सकाळी काकांच्या अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. काका ओट्यावर बसून मोजायचे आणि शंभर झाल्या तरी नव्वदच म्हणायचे. “अंकल, आप चीटिंग करते हो!” ती ओरडायची. तिला आमची मराठी सगळी समजते, पण बोलायला गेली की हिंदीच निघते. काका तिच्याशी मराठीतच बोलायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि दोघांचं छान जमायचं.

बारावीनंतर लगेच अधिकारी होण्याची जी परीक्षा असते, ती पल्लवीनं दिली. गणितात गेली. मी वरून दुःख केलं. आतून मला बरं वाटलं, हे आता लपवण्यात अर्थ नाही. मी रेल्वेच्या ऑफिसात फायली सांभाळणारा माणूस. माझ्या सात पिढ्यांत कोणी उंच झाडावरही चढलेलं नाही. एकुलती पोरगी, तिनं घराजवळच्या मुलींच्या कॉलेजात बी.कॉम. करावं, संध्याकाळी चहाच्या वेळेला घरी असावं, एवढीच माझी योजना. बसही बदलावी लागत नव्हती.

काका निकालाच्या दुसऱ्याच दिवशी आले. सायकल आमच्या भिंतीला टेकवली.

“कोणतं कॉलेज ठरवलं?”

“हे इथलंच, जवळचं,” मी म्हणालो.

“जवळचं काहून?”

“जायला-यायला बरं पडते.”

“सरहद्द काय रांझीत आणून देणार आहेत का जी हिच्यासाठी? जवळ म्हणते!” मग पल्लवीकडं वळून, “पोट्टे, बारावीची गाडी गेली, जाऊ दे. तीन वर्षांनी दुसरी येते. पण तीन वर्षं कुठं बसून काढतं त्यावर आहे सगळं. जिथं एनसीसी खरीखुरी चालते असं कॉलेज पायजे. सी सर्टिफिकेट चांगलं भेटलं, की लेखी परीक्षा नाही, सरळ बोर्डासमोर मुलाखत. मी पाहून येतो सगळी कॉलेजं.”

“तुम्ही काहून त्रास घेता, काका,” सुजाता म्हणाली.

“तपासणी करा लागते, सूनबाई. माहितीपत्रक पाहून माल घेत असते का कोणी?”

पहिलं कॉलेज पाहायला आम्ही तिघं गेलो : काका, पल्लवी आणि मी. हायवेकडं नवीन झालेलं खासगी कॉलेज. ‘डिग्री के साथ डिफेन्स की गारंटी’ असा मोठा फलक. नाव सांगत नाही, कारण ते आता बंद पडलंय म्हणतात. दाराशी एक रणगाडा उभा होता. खराखुरा हिरवा, तोफ वर केलेला. मी थक्क झालो. पल्लवीनं फोटो काढायला मोबाईल काढला. काका मात्र जवळ गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि रणगाड्यावर बोटानं टकटक केली. प्लायवूड. मग तोफेखाली जाऊन वर पाहिलं.

“वासनिक, इकडं या. चार इंची पाइप आहे. आमच्या संडासाला हाच लावला.”

आत टाय लावलेला एक तरुण होता. त्यानं आम्हाला गार पाणी दिलं, जाड गुळगुळीत माहितीपत्रक दिलं आणि पल्लवीला ‘फ्यूचर ऑफिसर’ म्हणाला. मला तो आवडला.

“ग्राउंड दिखाइए,” काका म्हणाले.

“सर, ग्राउंड प्रपोज्ड है.”

“तो लड़के दौड़ते कहाँ हैं?”

“सर, अभी पार्किंग में. गाड़ियाँ निकलने के बाद.”

काका उठले आणि भिंतीवरच्या ‘हमारे चयनित सितारे’ या फलकासमोर जाऊन उभे राहिले. दोन रांगा फोटो, सगळ्यांना फौजी टोप्या. काका एकेक चेहरा तपासत सरकले आणि खालच्या रांगेत थांबले.

“पल्लवी, याला पाहून सांग.”

पल्लवीनं पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. “अंकल, ये तो अपना सिलेंडर वाला भैया है!”

“सर, वो... एक्स-सर्विसमैन होगा,” टायवाला म्हणाला.

“बेटा, बाईस साल का है वो. रिटायर होने के लिए भर्ती कब हुआ, नर्सरी में?”

बाहेर येताना काका एक शब्द बोलले. तो कोणता, हे सांगायला नको. पुढच्या खेपेला सिलेंडर आलं तेव्हा त्या पोराला मी फोटोबद्दल विचारलं. तो बिचारा लाजला. म्हणाला, दोन महिने तिथं क्लास केला, टोपी घालून फोटो काढून घेतला, आणि आता आईनं तोच फोटो घरात लावलाय.

त्यानंतर काकांनी एकट्यानंच तीन कॉलेजं पाहिली आणि तिन्ही नापास केली. एकाच्या एनसीसीच्या खोलीचं कुलूप गंजलेलं होतं. दुसरीकडं एनसीसीचे सर स्वतः ऑफिसात झोपलेले सापडले. तिसऱ्या ठिकाणी सगळं ठीक होतं, पण कॅन्टीनचा समोसा शिळा निघाला. “समोसा आणि फौज, याचा संबंध काय?” मी विचारलं. “संबंध कसा नाही? विचारणारं कोणी नाही तिथं. ज्यानं समोशाचं विचारलं नाही तो परेडचं काय विचारते?”

शेवटी सिविल लाइंसकडच्या एका जुन्या सरकारी कॉलेजात आम्ही पुन्हा तिघं गेलो. मला ते पाहताच नकोसं झालं. भिंतीचा रंग उडालेला, जिन्यात कबुतरं, आणि खिडकीतला बाबू आमच्याकडं मान वर करून पाहीना. मी मनात म्हटलं, चला, हेही गेलं, आता जवळचंच.

काका बाबूच्या खिडकीवर थांबलेच नाहीत. सायकल तशीच हाताशी धरून तडक इमारतीमागं गेले. मागं मोठं मैदान होतं, उन्हाळ्यानं वाळलेलं गवत. काका कडेला उकिडवे बसले आणि जमिनीवरून हात फिरवू लागले. मला वाटलं चक्कर आली.

“हे पाह्य, पोट्टे,” ते पल्लवीला म्हणाले. मैदानाच्या कडेकडेनं, मोठ्या गोलात, एक हातभर रुंद पट्टा पूर्ण उघडा होता. मातीच माती. “इथलं गवत मेलं आहे. काहून मेलं? रोज पाय पडून राहिले म्हणून. हे कोणी पाहुणे येणार म्हणून नाही करू शकत. याले वर्षं लागतात.”

तेवढ्यात मागून बाईंचा आवाज आला, “आप लोग कौन?”

सुती साडी, हातात रोपांची टोपली, पायात मात्र बूट. त्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका निघाल्या आणि एनसीसीच्या मुलींची तुकडीही त्याच सांभाळत होत्या. काका उठून ताठ उभे राहिले आणि सरळ उलटतपासणीला लागले.

“मैडम, परेड में लड़कियाँ कितने बजे आती हैं?”

“साढ़े पाँच.”

“और आप?”

“सवा पाँच.”

काकांनी त्यांच्या बुटांकडं पाहिलं. मग म्हणाले, “पास.”

मी त्यांच्या शेजारी बारा वर्षं राहत होतो. माणसाविषयी हा शब्द, पुढं काहीही न जोडता, त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मॅडमना तो काय आहे ते कळलं नाही. त्या पल्लवीला म्हणाल्या, “तुम्हें आना है? तो एक चक्कर लगाके दिखाओ.” पल्लवी सलवार-कुर्त्यात, पायात चपला. ती इकडंतिकडं पाहू लागली. मॅडम म्हणाल्या, “शरमा रही है. पापा, आप भी साथ जाइए.”

मी ऑफिसच्या पँटीत पाव चक्कर पळालो. उरलेलं मैदान मी पल्लवीला लहान लहान होत जाताना पाहत उभा राहिलो. चपला तिनं हातात घेतल्या होत्या. काका कडेनं सायकल घेऊन पळत होते आणि ओरडत होते, “खांदे सैल! खांदे सैल!” आणि मागच्या खिडकीतून तो मघाचा बाबू मान वर करून पाहत होता.

आता मला माझी गोष्ट सांगावी लागेल. कॉलेजचा प्रवेश ऑनलाइन होता. पसंतीक्रम भरायचा आणि शेवटच्या दिवशी कायम करायचा. भरायचं काम माझ्याकडं होतं. मी सिविल लाइंसवालं कॉलेज भरलं, पण दुसऱ्या नंबरवर. पहिल्यावर जवळचं. पल्लवीला गुण बरे होते, पहिलं मिळणारच होतं. मी कोणाला काही बोललो नाही. नशिबानंच तसं झालं असं सगळ्यांना वाटेल, असा माझा हिशेब.

शेवटच्या दिवशी फॉर्म कायम करायला चौकातल्या कियोस्कवर गेलो, तर काका आधीच बाकावर बसलेले. पल्लवीही आली. कियोस्कवाल्यानं फॉर्म उघडला.

“जरा पढ़ के सुनाओ भैया,” काका म्हणाले.

त्यानं वाचलं. पहिलं नाव ऐकून पल्लवीनं माझ्याकडं पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, “पापा?”

काका आता सगळ्या कियोस्कसमोर मला रिजेक्ट करणार, म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. पण ते अगदी हळू बोलले, मराठीत, बाकीच्यांना कळू नये म्हणून. “वासनिक, भीती तुमची आहे. फॉर्म पोरीचा आहे. दोन्ही एका कागदावर नका लिहू.”

मग ते पाणी प्यायला बाहेर गेले. प्यायचं नव्हतं, मला दिसत होतं. नळाशी पाठ करून उभे होते. मी कियोस्कवाल्याला म्हणालो, “भैया, एक नंबर और दो नंबर बदल दो.” पल्लवीनं माझ्या शर्टाची बाही धरून ठेवली होती, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तशी.

तीन वर्षं पहाटे साडेचारला आमच्या घरी दिवा लागायचा. काका गल्लीच्या तोंडापर्यंत तिच्यासोबत सायकल ढकलत जायचे. शिबिरं झाली, बूट झिजले, सी सर्टिफिकेट चांगल्या श्रेणीत मिळालं आणि भोपाळला बोर्डासमोरचं बोलावणं आलं. पाच दिवसांची मुलाखत. पहिल्याच दिवशी निम्मी पोरं परत पाठवतात म्हणे. पल्लवी परत आली नाही. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. काकांनी गल्लीत मिठाई कोणती वाटायची यावर चर्चा सुरू केली. पाचव्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. “नहीं हुआ, पापा.”

घरी आल्यावर ती दोन दिवस बोलली नाही. स्वयंपाकघराच्या दारात बसून राहायची. सुजाता तिच्या आवडीचं करायची, ते तसंच राहायचं. तिसऱ्या दिवशी काका-काकू आले. काका खुर्चीवर न बसता तिच्यासमोर जमिनीवरच बसले.

“पल्लवी, मी किती इंचानं राहिलो होतो?”

“अंकल, प्लीज.”

“सांग ना.”

“आधा इंच,” ती कंटाळून म्हणाली.

“नाही. मी मोजूच नाही दिली.”

काका जमिनीकडं पाहून बोलत होते. “मैदानाच्या गेटापर्यंत गेलो होतो. भरतीची चिठ्ठी हातात होती. आतून एक पोट्टा रडत बाहेर आला. माझ्याहून डबल होता अंगानं. मले वाटलं, याचं असं झालं तर माझं काय? उलटा फिरलो. कोपऱ्यावर पावभर जिलेबी खाल्ली, अन् मामाच्या घरी येऊन सांगतलं, छाती कमी पडली. अर्धा इंच. एक इंच म्हटलं असतं तर मामा म्हणाला असता, खात नाही तू. म्हणून अर्धा.” ते थांबले. “चाळीस वर्षं झाली, जास्तच. तू पाच दिवस आत राहून आली. तुले त्यांनी नाही म्हटलं. मले कोणी नाहीच नव्हतं म्हटलं, पोट्टे. मीच म्हणून घेतलं.”

पल्लवी त्यांच्याकडं पाहत राहिली. मी काकूंकडं पाहिलं. माझ्या मनात आलं, या बाईला हे आजच कळतंय. काकू शांतपणे पदरानं चष्मा पुसत होत्या.

“मले तर माहीत होतं,” त्या म्हणाल्या.

काकांनी झटक्यात मान वर केली. “तुले? कवापासून?”

“लग्नाच्या कोटाचं माप शिंप्यानं आमच्याच अंगणात घेतलं नाही का? छाती चांगली भरली होती. मी खिडकीतून ऐकून राहिली होती.”

“अन् इतकी वर्षं बोलली नाही?”

“तुमचं कर्नलपर्यंत आलं होतं. म्हटलं, जनरल होऊ द्यावं.”

पहिल्यांदा सुजाताला हसू फुटलं, मग मला. पल्लवी गुडघ्यात तोंड घालून हसत होती, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते कळलं नाही. काका तिच्या डोक्यावर थापट्या मारत बसले. थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, “मम्मी, भूख लगी है.”

दुसऱ्या खेपेला ती सात महिन्यांनी गेली. यावेळी काकांनी मिठाईचा विषय काढला नाही, पाच दिवस ते आमच्या घराकडं फिरकलेसुद्धा नाहीत. निवड झाल्याचा फोन आला तेव्हा मीच धावत त्यांच्याकडं गेलो. ते नळाखाली भांडी घासत होते. “ऐकलं,” म्हणाले, “तुम्ही गल्लीभर ओरडतच आले.” आणि पातेलं घासत राहिले. तेच पातेलं बराच वेळ घासत होते.

पल्लवी अकादमीत गेली, आणि त्या वर्षाच्या पावसाळ्यात काकांची मुलगी दोघांना रायपूरला घेऊन गेली. काकांची छाती आता खरंच त्रास देऊ लागली होती, डॉक्टर तिकडं चांगले. ते परत आले नाहीत. थंडीत जावयाचा फोन आला. आम्ही रायपूरला पोचलो तेव्हा सगळं झालं होतं.

ते रायपूरला जायच्या आधीचा एक रविवार माझ्या डोळ्यांसमोर आहे. पल्लवीला आठवड्यात रविवारी थोडा वेळ फोन मिळायचा. त्या दिवशी मी काकांच्या अंगणात बसलो होतो. ते बनियन-लुंगीवर खाटेवर आडवे, कांद्याच्या भावापासून सरकारपर्यंत सगळं रिजेक्ट करणं चाललेलं. माझा फोन वाजला. दोन शब्द बोलून मी तो काकांना दिला. “पल्लवी आहे. तुम्हालाच विचारते.”

काका खाटेवरून उठले. फोन एका हातात धरून दुसऱ्या हातानं दोरीवरचा शर्ट ओढला, अंगात घातला आणि बटणं लावू लागले. तिला दिसणार नव्हतं. साधाच फोन होता.

“अंकल? हॅलो? अंकल, सुन रहे हो?” तिचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता.

काका शेवटचं बटण लावून, टाचा जुळवून, अनवाणी उभे राहिले. माझ्याकडं पाहिलं, मग समोर पाहिलं, आणि ज्या पोरीला त्यांनी आठवीपासून पोट्टे म्हटलं होतं, तिला म्हणाले,

“जी, मॅडम. बोला.”